आईला घेऊन इटली: रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, व्हेनिस स्वतःचं स्वतः कसं करायचं

गेल्या ऑक्टोबरात मी आणि आई बारा रात्री इटलीत होतो. आई चौसष्ट वर्षांची, एक गुडघा दुखरा, मासे-मटण अजिबात नाही, अंडं चालतं. टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे तिनेच ठरवलं होतं, कारण माझी मावशी तसं जाऊन आली आणि सहा दिवसांत अकरा ठिकाणं बघून नुसती दमून आली. आम्ही परत आल्यापासून ओळखीतले निदान सात-आठ जण फोन करून तेच तेच विचारतायत, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतेय. तुम्ही नवऱ्याबरोबर, बहिणीबरोबर, मैत्रिणीबरोबर जाणार असाल तरी बहुतेक सगळं तसंच लागू पडेल. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, दोघांपैकी जो हळू चालतो आणि ज्याचं पोट नाजूक आहे त्याच्या हिशोबाने प्लॅन करायचा. आमची ट्रिप चांगली झाली ती त्यामुळेच.

१. आधी शहरं कमी करा

पहिल्या यादीत माझ्याकडे मिलान, पिसा, नेपल्स, अमाल्फी, सगळंच होतं. शेवटी चार शहरं ठेवली: रोम चार रात्री, फ्लॉरेन्स तीन, बोलोन्या दोन, व्हेनिस तीन. शहर बदललं की बॅग भरणं, स्टेशन, नवीन घर शोधणं यात अर्धा दिवस जातोच, म्हणून एका रात्रीचा मुक्काम कुठेच ठेवू नका.

विमानाचं तिकीट रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून परतीचं असं काढा. परत रोमला येण्याचे चार तास आणि ट्रेनचे पैसे वाचतात, आणि भाड्यात फार फरक पडतोच असं नाही, दोन्ही प्रकारे सर्च करून बघा.

महिना म्हणाल तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. ऑगस्ट टाळा. ऊन भयंकर असतं आणि १५ ऑगस्टच्या त्यांच्या फेर्रागोस्तो सणाच्या आसपास बरीच घरगुती हॉटेलं आणि दुकानं बंद करून लोक समुद्रावर गेलेले असतात.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर अजिबात विसंबू नका, दोन-अडीच महिने आधी अपॉइंटमेंट घ्या. मोठ्यांसाठी फी ९० युरो, वर व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज. एकापेक्षा जास्त शेंगेन देश करणार असाल तर ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस त्याच देशाकडे अर्ज जातो.

आम्ही नेलेले कागद:

- पासपोर्ट (दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी), जुने पासपोर्टही
- भरलेला फॉर्म, फोटो
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, निदान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं
- विमानाचं बुकिंग, प्रत्येक रात्रीचं राहण्याचं बुकिंग
- दिवसवार प्रवासाचा कागद, शहरांमधल्या ट्रेनसकट
- बँक स्टेटमेंट, आयटीआर, माझं ऑफिसचं रजेचं पत्र, आईच्या पेन्शनचे कागद
- आईचा खर्च मी करतेय असं सहीचं पत्र आणि नातं दाखवायला माझा जन्मदाखला

यातला खड्डा म्हणजे राहण्याच्या तारखा. फ्लॉरेन्समधून आम्ही निघणार एका तारखेला आणि बोलोन्याचं बुकिंग झालेलं दुसऱ्या दिवसापासून, अशी एक रात्र मधेच उघडी राहिली होती आणि ते अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी रात्री लक्षात आलं. एका कागदावर उभ्या ओळीत सगळ्या तारखा लिहा आणि समोर कुठे झोपणार ते लिहा, लगेच कळतं. बुकिंग फुकट कॅन्सल होणारंच घ्या, व्हिसा हातात येईपर्यंत.

बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं (५९ महिन्यांच्या आत आधी दिलेले असतील तर ते चालतात). आयुष्यभर भांडी-धुणं केलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आईचे ठसे तीन वेळा घ्यावे लागले आणि ती फार घाबरली. आधीच सांगून ठेवा की असं होतं, आपलं काही चुकलेलं नाही.

३. बॅगेत काय न्यायचं आणि काय नाही

हे खूप जणांना माहीत नसतं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, पनीर, चीज घरीच. ताजी फळं-भाज्या पण नकोत, कढीपत्ता-मिरची-लिंबू सगळं त्यातच आलं.

आम्ही नेलं ते: थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लसणाचं तिखट, भाजलेले पोहे, मूगडाळ आणि एक छोटं स्टीलचं भांडं. तांदूळ तिकडे मिळतो. चहाची पावडर मात्र न विसरता न्या, तिकडे चहा मागितलात तर गरम पाणी आणि टी-बॅग येते. आणि चपला-बूट: रोमचे रस्ते काळ्या दगडी चौकोनांचे आहेत, खाली-वर, त्यामुळे जाड तळव्याचे, आधीच महिनाभर वापरलेले बूट.

४. राहायची जागा

यात मी सगळ्यात जास्त वेळ घातला आणि तो घालाच. माझे नियम असे ठरले.

लिफ्ट. "लिफ्ट आहे" एवढ्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या इमारतींत लिफ्ट नंतर बसवलेली असते, ती पाच-सहा किंवा पंधरा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होते, आणि इतकी लहान की दोन माणसं किंवा एक माणूस आणि एक बॅग. मालकाला थेट मेसेज करा: रस्त्यापासून पलंगापर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? आकडा मागा. मी सहा ठिकाणी विचारलं, दोघांनी गोलगोल उत्तरं दिली, ती दोन्ही सोडली. मजल्यांचा हिशोब मात्र आपल्यासारखाच, तळमजला म्हणजे पियानो तेर्रा आणि मग पहिला.

पलंग. नवरा-बायको नसाल तर हे महत्त्वाचं. "कामेरा मात्रिमोनियाले" म्हणजे एक मोठा पलंग, "कामेरा दोप्पिया" म्हणजे दोन वेगळे. डबल रूम म्हणून बुक करून एक पलंग मिळालेल्या दोन मैत्रिणी माझ्या ओळखीत आहेत.

जागा. स्टेशनपासून दहा मिनिटांवर चालत. रोममध्ये आम्ही तेर्मिनी स्टेशनजवळ मोन्ती भागात होतो, तिथून कोलोसिअम चालत जाता येतं. व्हेनिसमध्ये मेस्त्रेला स्वस्त पडतं म्हणून सगळे सुचवतात, पण मेस्त्रे व्हेनिसच्या बेटाला जोडणाऱ्या पुलाच्या अलीकडे, जमिनीवरच्या बाजूला आहे. माझं मत विचाराल तर एक रात्र कमी करा पण बेटावरच राहा, कारण संध्याकाळी दिवसभराची गर्दी निघून गेली की ते शहर वेगळंच होतं, पाण्याचा आवाज येतो. आईला सगळ्या ट्रिपमधलं तेच जास्त आठवतं.

पैसे. बुकिंगच्या रकमेशिवाय शहराचा पर्यटक कर द्यावा लागतो, तास्सा दि सोज्जोर्नो, दर माणशी दर रात्री, हॉटेलच्या दर्जाप्रमाणे. रोममध्ये साधारण ४ ते १० युरो. बरेच ठिकाणी रोख मागतात. दोघांचे बारा रात्रींचे मिळून रक्कम छोटी नसते, बजेटमध्ये आधीच धरा.

पासपोर्ट मागतील, द्यायचा. पाहुण्यांची नोंद पोलिसांच्या सिस्टिममध्ये करणं मालकाला कायद्यानेच भाग आहे. फ्लॅट घेणार असाल तर जाहिरातीत चिन (CIN) म्हणून एक सरकारी नोंदणी क्रमांक असायला हवा, नसेल तर ती जागा सोडा.

बाथरूमची काळजी नको. इटलीत १९७५ च्या नियमाप्रमाणे घरातल्या निदान एका बाथरूममध्ये बिडे असावंच लागतं, म्हणजे पाण्याची सोय आहे. आईचा अर्धा ताण तिथेच गेला. थंडीचं मात्र बघा: सेंट्रल हीटिंग सुरू करायच्या तारखा सरकारने ठरवलेल्या असतात, बोलोन्या-व्हेनिसकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून, रोममध्ये नोव्हेंबरपासून. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हीटर का लागत नाही म्हणून भांडू नका, जादा पांघरूण मागा.

५. ट्रेन

इटलीत दोन प्रकारच्या गाड्या लक्षात ठेवा.

फास्ट गाड्या: सरकारी कंपनीची फ्रेच्चारोस्सा आणि खाजगी इतालो. सीट नंबर असतो, तिकीट त्याच गाडीचं. महिना-दोन महिने आधी काढलं तर निम्म्याहून कमी पडतं, पण सगळ्यात स्वस्त तिकीट परत होत नाही. रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते बोलोन्या जेमतेम पाऊण तास, तिथून व्हेनिस दीड तास.

लोकल म्हणजे रेज्योनाले. ठरलेला दर, सीट नंबर नाही, आधी काढायची गरज नाही. फ्लॉरेन्सहून पिसाला एका तासात नेते. पण स्टेशनवर कागदी तिकीट घेतलंत तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. नाही मारला तर तिकीट असूनही दंड, आणि आम्हाला माहीत नव्हतं हे कारण चालत नाही. मोबाईलवर काढलं असेल तर त्यातच चेक-इन करायचं असतं.

आता स्टेशनवरचा बोर्ड. बोर्डावर गाडी शेवटी कुठे जाते ते लिहिलेलं असतं, तुमचं स्टेशन नाही. रोमहून फ्लॉरेन्सला निघालात तर बोर्डावर मिलानो, तोरिनो किंवा व्हेनेझिया (व्हेनिस) असेल, फिरेंझे (फ्लॉरेन्सचं इटालियन नाव) शोधत राहिलात तर गाडी जाईल. तिकिटावरचा गाडीचा नंबर बघा आणि तोच नंबर बोर्डावर शोधा. बिनारियो म्हणजे प्लॅटफॉर्म, तो कधीकधी दहा मिनिटं आधीच कळतो, त्यामुळे बॅगा हातात धरूनच उभं राहायचं. कारोत्सा म्हणजे डबा, पोस्तो म्हणजे सीट.

उतरायची स्टेशनं: फ्लॉरेन्सला फिरेंझे सान्ता मारिया नोव्हेल्ला, व्हेनिसला व्हेनेझिया सान्ता लुचिया. मेस्त्रेला घाईने उतरू नका, पुढे समुद्रावरचा पूल ओलांडून दहा मिनिटांनी सान्ता लुचिया येतं आणि स्टेशनच्या बाहेर पडल्या पडल्या समोर ग्रँड कॅनाल. आई पायरीवर बसलीच पाच मिनिटं.

शोपेरो हा शब्द लक्षात ठेवा, संप. आधी जाहीर होतो, शुक्रवारी जास्त. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ मध्ये ठरावीक गाड्या सोडाव्याच लागतात. तारखा आठवडाभर आधी बघून ठेवा.

विमानतळावरून रोममध्ये यायला लिओनार्दो एक्सप्रेस, १४ युरो, ३२ मिनिटांत तेर्मिनी. व्हेनिसमध्ये बॅग घेऊन चालायचं म्हणजे पूल, आणि पुलाला पायऱ्या. वापोरेत्तो म्हणजे पाण्यावरची बस, तिच्या थांब्यापासून एकही पूल न ओलांडता पोचता येईल असं घर शोधा. एका फेरीचं तिकीट ७५ मिनिटांचं आणि साडेनऊ युरोचं, त्यापेक्षा दिवसाचा किंवा तीन दिवसांचा पास परवडतो. एक नंबरची बोट पूर्ण ग्रँड कॅनालने हळूहळू जाते, संध्याकाळी उन्हं उतरताना पुढच्या उघड्या सीटवर बसून एक फेरी करा, गोंडोल्याचे पैसे वाचतील.

६. खाणं

ह्याच्याचसाठी मी लिहायला बसले खरं तर. इटलीत शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत, पण डोळे झाकून खाल्लं तर फसाल.

आधी वेळा. दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच, रात्रीचं साडेसातनंतर. मधे चांगल्या जागांची स्वयंपाकघरं बंद. तीन वाजता फोटोचं मेनू कार्ड दाखवत जो दारात उभा राहून बोलावतो तिथे शक्यतो जाऊ नका. चार वाजता भूक लागली तर पिझ्झा अल ताल्यो, म्हणजे मोठ्या ट्रेमधून कापून वजनावर देतात तो. हाताने दाखवायचं एवढा, ते कातरीने कापतात. बटाटा आणि रोजमेरीचा पिझ्झा मागा, चीज नाही, टोमॅटो नाही, नुसते पातळ काप. आईने रोममध्ये चार दिवसांत तीनदा खाल्ला.

नाश्ता बारमध्ये. बार म्हणजे दारूचा अड्डा नाही, कॉफीचं दुकान. कोर्नेत्तो (क्रोसाँसारखा गोडसर पाव) आणि कापुच्चिनो. उभ्याने काउंटरवर प्यायली तर एक दर, टेबलावर बसलात तर वेगळा, मोठ्या चौकात तिपटीनेसुद्धा. बऱ्याच ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर दाखवायची. "लात्ते" एवढंच म्हणालात तर नुसतं दूध येतं. आईला तेच हवं होतं, ती रोज गरम लात्ते आणि त्यात आपली पावडर!

बिलात कोपेर्तो दिसेल, माणशी एक ते तीन युरो, ते बसण्याचे आणि ब्रेडचे. ती फसवणूक नाही, मेनूवर लिहिलेलं असतं. टिप द्यायलाच हवी असं नाही. पाणी बाटलीचं येतं, नातुराले म्हणजे साधं, फ्रिझान्ते म्हणजे सोड्याचं. बाहेर मात्र बाटली विकत घेऊ नका, रोमभर नासोनी म्हणून वाहते लोखंडी नळ आहेत, थंडगार आणि प्यायला चांगलं पाणी.

आता काय खायचं:

रोममध्ये काच्यो ए पेपे पास्ता (चीज आणि मिरी, बस एवढंच). कार्बोनारा, आमात्रिचाना, ग्रिच्या तिन्हीत डुकराचं मांस. ज्यू वस्तीत मिळणारा कार्चोफी आल्ला ज्युदिया, म्हणजे अख्खं आर्टिचोक तळून फुलासारखं उघडलेलं, कुरकुरीत, अगदी आपल्या भज्यांच्या आनंदाचं. त्याचा सीझन हिवाळ्याचा शेवट ते वसंत, ऑक्टोबरात सगळीकडे मिळेलच असं नाही.

फ्लॉरेन्समध्ये रिबोल्लिता आणि पाप्पा अल पोमोदोरो. पहिलं शिळा पाव, घेवडा आणि काळपट पानांची कोबीची भाजी, दुसरं शिळा पाव आणि टोमॅटो. तिकडचा पाव बिनमिठाचा असतो, म्हणून तो असाच वापरला जातो. आई म्हणाली ही तर फोडणीची पोळीच की गं. शिळ्याचं सोनं करायची तीच रीत. रिबोल्लितात कधी मांसाचं पाणी घालतात, विचारून घ्या.

पिसाला गेलात तर मनोरा बघून झाल्यावर चेचीना शोधा. बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत भट्टीत भाजलेलं. आपला पोळाच, फक्त जाड आणि आतून मऊ. मी बॅगेतून लसणाचं तिखट काढलं आणि आम्ही दोघींनी बाकावर बसून संपवलं.

बोलोन्या मांसाचं शहर, सगळीकडे रागू आणि मोर्तादेल्ला, पण रिकोट्टा चीज भरलेले तोर्तेल्लोनी (पास्त्याच्या पुड्या) लोणी आणि सेजच्या पानांत परतून देतात ते उत्तम. तोर्तेल्लिनी मात्र नाही, त्यात मांस, नावात एका अक्षराचा फरक. बोलोन्याचा दुसरा फायदा म्हणजे कमानींचे झाकलेले फुटपाथ, शहरभर, पावसात-उन्हात सपाट चालता येतं. २०२१ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गुडघा दुखणाऱ्या माणसाला यासारखं शहर नाही.

फसवणारे शब्द वहीत लिहून न्या: ग्वांचाले, पांचेत्ता, प्रोशुत्तो, स्पेक हे सगळं डुक्कर. स्त्रुत्तो म्हणजे डुकराची चरबी, ती तळणीत आणि काही पावांतही असते. ब्रोदो म्हणजे बहुतेक वेळा मांसाचं पाणी. आच्युगे म्हणजे छोटे मासे, पुत्तानेस्का सॉसमध्ये हमखास. उलट पेपेरोनी म्हणजे आपली ढबू मिरची, त्याला घाबरू नका. आणि अगदी कडक पाळणाऱ्यांनी लक्षात घ्या, पार्मिजानो आणि पेकोरिनो रोमानो या चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण असतं. आईला हे मी आधी सांगितलं, तिचं तिने ठरवलं. लपवू नका कोणापासून.

बोलायचं वाक्य: "सोनो व्हेजेतारियाना, सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे." पुरुषांनी व्हेजेतारियानो. नुसतं शाकाहारी म्हटलं तर काही जण मासा चालेल समजतात, म्हणून पेशे पण बोला.

आणि दोन दिवसांनी एकदा घरी स्वयंपाक. रोममध्ये पियात्सा व्हित्तोरिओजवळ एस्क्विलिनोचा बाजार आहे, तिथे बांगलादेशी दुकानदारांकडे कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, भेंडी सगळं. सुपरमार्केटमध्ये फळं स्वतः प्लॅस्टिकचे हातमोजे घालून घ्यायची, बऱ्याच ठिकाणी वजन करून स्टिकर पण आपणच लावायचा. मूगडाळीची खिचडी आणि दही. बारा रात्रींनंतर पोट नीट राहिलं त्याचं कारण हेच.

७. बघण्याची तिकिटं

थोडक्यात. कोलोसिअमचं तिकीट नावावर असतं आणि महिनाभर आधी विक्री सुरू होते, पासपोर्ट जवळ ठेवा. व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार फुकट, त्या दिवशी तुफान गर्दी), फ्लॉरेन्सचं उफ्फीझी सोमवारी बंद. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत, आईच्या पंजाबी ड्रेसला कुठेच अडचण आली नाही. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. आईला खाली चौकात जिलातो देऊन बसवून मी वर जाणार होते, पण मग ते तिकीट काढलंच नाही. त्याऐवजी बसने पियात्साले मिकेलांजेलोला गेलो, तिथून घुमटासकट सगळं शहर दिसतं, फुकट.

व्हेनिसला ठरावीक दिवशी नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेश फी असते. रात्री राहणाऱ्यांना ती नाही, पण तरीही वेबसाइटवर नोंद करून क्यूआर कोड घ्यावा लागतो. तुमच्या तारखा त्यात येतात का ते बघा.

८. पैसे आणि पाकीट

कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. मशीन विचारतं रुपयात कापू की युरोत, कायम युरो निवडा, रुपये निवडलेत तर दर वाईट लागतो. दोघांची कार्डं आणि रोख वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. रोमच्या मेट्रोत आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या गच्च बसमध्ये पाकीटमार असतात, पर्स पुढे. हातात दोरा बांधायला किंवा गुलाब द्यायला कोणी आलं तर हात मागे घ्यायचा, "नो" म्हणायचं, चालत राहायचं. इमर्जन्सीला ११२. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो, तिथल्या माणसाला गुडघा दाखवला तर तो चांगला मलम देतो.

९. परतीच्या दिवशी

व्हेनिसच्या पियात्साले रोमाहून मार्को पोलो विमानतळाला थेट बस आहे, वीस-पंचवीस मिनिटं. बोटीनेही जाता येतं, पण तिला तासाभराहून जास्त लागतो. एका दुकानातून ७० युरोच्या वर खरेदी केली असेल तर टॅक्स रिफंडचा कागद दुकानातच मागून घ्या आणि विमानतळावर चेक-इनच्या आधी तो काउंटर गाठा, वस्तू दाखवायला लागू शकतात म्हणून बॅगेत अगदी खाली भरू नका. ऑलिव्ह तेलाची बाटली चेक-इनच्या बॅगेत, दोन टॉवेलमध्ये गुंडाळून. आमची नीट पोचली, आई आता त्यावर लसणाची फोडणी देते.